घरातली चित्रं लावताना: आधी भिंत, मग फ्रेम, ड्रिल सगळ्यात शेवटी

दिवाळीच्या आधी रंगकाम निघतं. भिंतीवरच्या फ्रेमा उतरवून पलंगावर रचल्या जातात आणि रंगारी गेला की दुसऱ्याच दिवशी त्या जुन्याच खिळ्यांवर परत चढतात. बडोद्यातल्या मराठी घरांत चित्रांची निम्मी नासाडी इथूनच सुरू होते. ताज्या रंगातला दमटपणा फ्रेमच्या मागे कोंडतो, ज्या जागी दुपारचं ऊन येत होतं तिथे ते येतच राहतं आणि काही पावसाळ्यांनी आजोबांच्या फोटोवर तपकिरी ठिपके उमटतात.

या कामाला एक क्रम आहे: भिंत, उजेड, फ्रेमची मागची बाजू, मांडणी, उंची आणि अगदी शेवटी भोक. बहुतेक घरांत सुरुवातच भोकापासून होते. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. एखादी गाळावीशी वाटलीच, तर निदान तिसरी गाळू नका.

कधी करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भिंती वाळलेल्या असतात, हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेम करून घेतली की कागदाने आणि माउंटने (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) शोषलेला दमटपणा काचेच्या आत बंद होतो आणि तो तिथेच बुरशी धरतो. नव्या रंगानंतर निदान तीन आठवडे भिंत मोकळी सोडा. पाहुणे येणार म्हणून घाई होते हे खरं, पण फराळाच्या दिवशी भिंत रिकामी दिसली तरी चित्राचं काही बिघडत नाही.

## १. भिंत तपासा

घरातल्या चारही भिंती सारख्या नसतात. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाचा मारा खाते, पश्चिमेची उन्हाळ्यात तापते, न्हाणीघराला लागून असलेली वर्षभर थोडी ओली असते. चित्रासाठी सगळ्यात चांगली ती आतली भिंत, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत.

ओल डोळ्यांना दिसेलच असं नाही. पोपडे सुटले असतील किंवा पांढरा लोणा फुटला असेल तर प्रश्न मिटला, ती भिंत बाद. शंका असेल तेव्हा साधी चाचणी करा. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा कागद भिंतीवर लावा, चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला बाष्प धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरलं तर दमटपणा हवेतला आहे. तिथे चित्र लावता येईल, पण मागे हवा खेळती ठेवावी लागेल. ही चाचणी पावसाळ्याच्या शेवटी केली तर उत्तर सगळ्यात खरं मिळतं.

आता भिंत कशाची आहे ते पाहा. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत विटांवर चुन्याचा जाड गिलावा असतो. वाघोडिया रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती आणि वर जिप्समचा थर. बोटाच्या पेराने ठोकून बघा: चुन्याचा गिलावा सुटला असेल तर पोकळ आवाज येतो, काँक्रीटचा खांब असेल तर आवाजच येत नाही, बोट दुखतं. हे आता टिपून ठेवा, सहाव्या पायरीला लागेल.

इथे लावू नका: स्वयंपाकघरात शेगडीच्या भिंतीवर (तेलाची वाफ काचेच्या कडेनेही आत जाते), एसीच्या खाली, देवघराच्या वर जिथे रोज उदबत्ती आणि समईचा धूर चढतो तिथे.

## २. उजेड पाहा

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला भिंतीवर ऊन कुठवर येतं ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खूप आतवर शिरतं. मे महिन्यात सुरक्षित वाटलेली भिंत डिसेंबरात उन्हात असते, म्हणून डिसेंबरात पुन्हा पाहा.

थेट उन्हात काहीही लावायचं नाही. सावलीतल्या उजेडातही फरक करा. जलरंग, छापील चित्रं, जुने फोटो, कापडावरचं भरतकाम यांचा रंग उजेडाने उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत अशा वस्तूंसाठी सुमारे ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढी उजेडाची मर्यादा पाळतात; हा एवढा मंद उजेड आहे की घरात आपण त्याला अंधार म्हणू. घरात तेवढं जमणार नाही. पण नाजूक चित्र पॅसेजमध्ये लावता येतं, जिथे दिवा गरजेपुरताच लागतो. तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिक जास्त उजेड सोसतात, त्यांना बैठकीची खोली द्या.

रविवर्मांच्या चित्रांबाबत इथेच मोठा घोळ होतो. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात त्यांची मूळ तैलचित्रं आहेत. आपल्या घरी आजीच्या वेळेपासून असलेली लक्ष्मी किंवा सरस्वती म्हणजे कागदावर छापलेलं ओलिओग्राफ. वरच्या वार्निशमुळे ते तैलचित्रासारखं दिसतं, पण वागणूक जुन्या कागदाचीच हवी: मंद उजेड, कोरडी भिंत, आणि ओल्या फडक्याने कधीही पुसायचं नाही.

तपासा: ठरवलेल्या जागेसमोर रात्री दिवे लावून उभे राहा आणि तिथे एखादी काचेची फ्रेम हाताने धरून बघा. काचेत ट्यूबलाइट किंवा टीव्ही दिसला तर जागा फूटभर सरकवा.

## ३. फ्रेमची मागची बाजू

या पायरीवर वेळ घालवा. चित्र समोरून कितीही चांगलं दिसो, ते खराब होतं मागून.

प्रत्येक जुनी फ्रेम उलटी करून पाहा. मागे बहुधा तपकिरी हार्डबोर्ड बारीक चुकांनी ठोकलेला असतो, चुकांना गंज चढलेला, कडेने फट. त्या फटीतून कसर आत जाते आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडून खाते. फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये पाल राहते, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. हे घर सापडलं तर ओलं करून काढू नका. पूर्ण कोरडं असताना पातळ पट्टीने उचला, म्हणजे मातीचा डाग पसरत नाही.

जुन्या फोटोंची आणखी एक गोष्ट बघायची असते. फोटो काचेला चिकटला आहे का, हे फ्रेम न उघडता कळतं. फ्रेम खिडकीजवळ न्या, तिरपी धरा आणि काचेवरून हळूहळू नजर फिरवा. जिथे चिकटला आहे तिथे फोटो ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, त्या डागाला वेड्यावाकड्या कडा असतात. बाकीच्या भागावर काच आणि कागद यांच्यामध्ये बारीकशी फट जाणवते. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि काचेला धरतो, म्हणून हे घडतं. असा फोटो ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो. वाफ देणं, पाण्यात भिजवणं हे घरगुती उपाय करू नका. आधी काचेवरूनच चांगला फोटो काढून ठेवा, मग फोटो काचेसकट जसाच्या तसा नव्या फ्रेममध्ये बसवायला सांगा. सोडवायचाच असेल तर संवर्धनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

यावरूनच फ्रेमचा पहिला नियम निघतो: काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंटची जाडी हवी. माउंट नको असेल तर काचेच्या कडेने बारीक पट्टी घालून अंतर ठेवतात, तशी मागा. जरी, मोती, टिकल्या लावून सजवलेलं ओलिओग्राफ असेल तर खोल खाचेची फ्रेम लागते, नाहीतर मोती काचेखाली दबून कागद फाटतो.

फ्रेमवाल्या भाईंकडे जाताना या गोष्टी कागदावर लिहून न्या, कारण दुकानात गर्दी असते आणि हार्डबोर्डबद्दल विचारलं की "चालशे" (चालेल) हेच उत्तर मिळतं.

- माउंट आणि चित्रामागचा बोर्ड आम्लमुक्त हवा. साध्या माउंटमुळे चित्राच्या कडेला काही वर्षांनी पिवळी चौकट उमटते.
- चित्र फक्त वरच्या कडेला, दोन जागी, पातळ कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने लटकवायचं. चारही बाजूंनी चिकटवलं की पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि लाटा येतात. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दोन्ही नको; सेलोटेपचा चिकट थर पिवळा पडतो, फेव्हिकॉल परत निघत नाही.
- मागची बाजू कडेपर्यंत कागदी टेपने बंद करायची.
- खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा फेल्टच्या जाड टिकल्या लावायच्या, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा राहते.

काच की अ‍ॅक्रिलिक, हे वजनावर ठरवा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. म्हणजे ६० बाय ९० सेंमीच्या फ्रेमची ३ मिमी काच चार किलोच्या आसपास जाते. अ‍ॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. मात्र कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्राला अ‍ॅक्रिलिक लावू नका. पुसल्यावर त्यात स्थिर वीज तयार होते आणि ती भुकटी ओढून घेते.

बडोद्यात फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांची एचिंग, लिथोग्राफ अशी मुद्राचित्रं (चित्रकाराने पत्र्यावर किंवा दगडावर काढून कागदावर घेतलेले छापे) घरी असणं नवलाचं नाही. ती फ्रेमला देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: कागद कापायचा नाही. छाप्याखाली पेन्सिलीने डावीकडे ५/२० असा क्रमांक आणि उजवीकडे सही असते. फ्रेममध्ये बसवायला म्हणून समास छाटला तर सही जाते आणि चित्राची किंमतही. माउंटची खिडकी सही दिसेल एवढी मोठी ठेवायला सांगा.

कॅनव्हासला काच लागत नाही. पावसाळ्यात तो सैल पडला तर ताणून घ्यायची घाई करू नका, थंडीत तो आपोआप ताठ होतो. जुलैत ताणलेला कॅनव्हास जानेवारीत रंगाला तडे देतो.

तपासा: फ्रेम घरी आणण्यापूर्वी दुकानातच उलटी करा. मागे फट दिसते का, हलवल्यावर आत काही सरकतं का, कड्या स्क्रूने बसवल्या आहेत की नुसत्या ठोकल्या आहेत?

## ४. मांडणी जमिनीवर

सतरंजी अंथरा, भिंतीची रुंदी तिच्यावर टेपने आखून घ्या आणि फ्रेमा मांडा. सगळ्यात मोठं चित्र आधी, मधोमध न ठेवता थोडं बाजूला. मग बाकीची त्याच्या आधाराने. दोन फ्रेमांमध्ये ५ ते ८ सेंमी अंतर पुरे. जास्त सोडलं की चित्रं एकमेकांशी भांडल्यासारखी दिसतात. हे अंतर सगळीकडे सारखं असेल तर फ्रेमा वेगवेगळ्या पट्टीच्या असल्या तरी खपून जातात.

काय कशाशेजारी, याबद्दल माझं मत ठाम आहे. सोनेरी पट्टीतलं भडक रंगाचं ओलिओग्राफ आणि करड्या रेषांचं एचिंग एका भिंतीवर नको. एचिंग दिसेनासं होतं. एचिंग जवळून बघायची गोष्ट आहे, त्याला अरुंद पॅसेज द्या. मोठ्या चित्रासमोर त्याच्या कर्णाच्या दीडपट तरी मागे सरकता यावं. वाडवडिलांचे फोटो, देवांच्या तसबिरी आणि चित्रं यांचीही सरमिसळ टाळा. हार घालायचा असतो त्या फोटोसाठी वेगळी जागा ठेवा, कारण ताज्या फुलांचं पाणी शेजारच्या फ्रेमवरही ओघळतं.

बैठकीत झोपाळा असेल तर तो पुढे-मागे पूर्ण झुलवून बघा. मागच्या भिंतीपर्यंत पाठ किंवा मुलांचे पाय पोचत असतील तर तिथे काचेची फ्रेम लावायची नाही.

मांडणी पटली की फोनने वरून सरळ फोटो काढा. लगेच काम सुरू करू नका; संध्याकाळी तो फोटो घरातल्या सगळ्यांना दाखवा. वाद व्हायचा असेल तर तो आत्ता झालेला बरा.

सावध: उरलेली चित्रं पलंगाखाली ठेवू नका. विश्वामित्री नदीला २०१९ आणि २०२४ साली आलेल्या पुरांत तळमजल्यावरची घरं पाण्यात होती. उरलेल्या फ्रेमा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, उभ्या, मध्ये पुठ्ठे घालून ठेवा. सखल भागात तळमजल्याला राहत असाल तर भिंतीवरची सगळ्यात खालची रांगही गाळा.

## ५. उंची आणि कागदाचे नमुने

आपल्याकडे चित्रं फार उंच लावली जातात, अगदी दाराच्या चौकटीच्या वर. जुन्या घरांत ती दोरीने पुढे झुकवून लावत, त्यामुळे खालून दिसत. आता सरळ लावायची आणि उंची मात्र तीच ठेवायची, याला अर्थ नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर आणा. अनेक चित्रांचा समूह असेल तर पूर्ण समूहाचा मध्य तिथे. झोपाळ्यावर किंवा गादीवर बसूनच जी भिंत बघितली जाते, तिथे १० ते १५ सेंमी खाली घ्या. सोफ्याच्या वर असेल तर पाठीच्या सर्वांत उंच भागापासून १५ ते २० सेंमी सोडा. संखेडा सोफ्याच्या (संखेडा गावचं कातीव, लाखेच्या रंगाचं लाकूडकाम) पाठीवर कळस असतील तर तिथून मोजा. समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश असली की तोल येतो.

प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापा आणि त्यावर चित्राचं नाव लिहा. खिळा कुठे येईल हे काढायची रीत अशी: फ्रेमची मागची तार बोटाने वर ओढून ताणा आणि ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा फ्रेम ६० सेंमी उंच आहे, मध्य १४८ वर हवा आहे आणि तार वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येते. वरची कड १४८ अधिक ३० म्हणजे १७८ वर, खिळा १७८ वजा ८ म्हणजे १७० सेंमीवर. बहुतेकांची चूक इथेच होते: तार सैल असतानाच मोजतात आणि चित्र चार बोटं खाली येतं.

खिळ्याची खूण कागदावर करा, कागद मास्किंग टेपने भिंतीवर लावा, पाणसळ धरून सरळ करा आणि दोन दिवस राहू द्या. चुन्याच्या भिंतीवर टेप अगदी हलकी दाबा, काढताना हळू. रंगाचा पापुद्रा निघतो.

## ६. भोक

ड्रिल करण्याआधी स्विचबोर्ड आणि नळ बघा. बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरचा पाइप असण्याची शक्यता असते, तिथे भोक नको. न्हाणीघराच्या सामाईक भिंतीत पाण्याचा पाइप असतो.

विटेच्या भिंतीला ६ मिमीचं भोक, त्याच मापाची प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसवून स्क्रूला पकड देणारी नळी), ३५ ते ४० मिमीचा स्क्रू. भोक गिट्टीपेक्षा थोडं खोल घ्या, भुकटी फुंकून काढा. चुन्याच्या जाड गिलाव्यात हा स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही, म्हणून लांब स्क्रू आणि लांब गिट्टी घ्या. ड्रिलचा हॅमर सुरुवातीला बंद ठेवा, नाहीतर गिलावा ढिगाने पडतो. गिलावा पोकळ वाजत असेल तर एकेका चित्रासाठी भोकं पाडू नका. घट्ट जागा शोधून तिथे एक आडवी लाकडी पट्टी बसवा आणि सगळी चित्रं तिच्यावरून सोडा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी गरगर फिरते, त्यासाठी वेगळे नायलॉनचे अँकर मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात भिंत कशाची आहे ते सांगून मागा.

हातभरापेक्षा रुंद फ्रेमला दोन स्क्रू द्या. एका खिळ्यावरचं चित्र दार आपटलं की वाकडं होतं.

तपासा: स्क्रूला हाताने जोरात खाली ओढा. थोडाही हलला तर त्यावर काचेची फ्रेम टांगायची नाही.

## ७. टांगल्यावर

सुतळी कुजते, साधी तार गंजते. स्टेनलेस स्टीलची किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली तार वापरा. कड्या फ्रेमच्या वरून एक तृतीयांश अंतरावर असाव्यात, मग चित्र पुढे झुकत नाही. काच पुसताना पाणी काचेवर फवारू नका, ते कडेने आत जातं. फडकं किंचित ओलं करून पुसा.

लावल्यानंतरचा पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरात प्रत्येक फ्रेम उतरवा. मागच्या कागदावर तळहात ठेवा, वास घ्या, कडेची टेप सुटली आहे का बघा, भिंतीवर फ्रेमच्या आकाराची सावली उमटली आहे का पाहा. कागद गार आणि मऊ लागला किंवा कुबट वास आला तर ते चित्र त्या जागी परत लावू नका. फ्रेम मागून उघडून पंख्याच्या हवेत सावलीत वाळवा, उन्हात नाही. ओल कुठून येते ते सापडून दुरुस्त होईपर्यंत ते चित्र आतल्या भिंतीवर राहू द्या.